तग की झेप? गोमंतकीय फुटबॉलातील एक जुना वाद

२००७–०८ च्या मोसमात भारतातील सर्वोच्च फुटबॉल साखळीने आपले जुने नाव टाकले आणि ‘आय-लीग’ हे नवे नाव धारण केले. १० संघ, प्रत्येकाचे १८ सामने आणि अखेरीस तळाच्या दोन संघांनी खालच्या श्रेणीत उतरावयाचे, असा तिचा शिरस्ता होता. त्या पहिल्याच मोसमाअखेर गोमंतकाच्या वाट्यास दोन अगदी विरुद्ध गोष्टी एकाच वेळी आल्या. पणजीचा धेंपो संघ विजेता ठरला आणि वास्कोचा साळगावकर संघ, व्हिवा केरळ संघासह, खाली उतरला. दोन्ही शहरांमधील अंतर म्हटले तर तीस किलोमीटरांच्या आसपासचे. परंतु एका बाजूस पेढे वाटले जात होते आणि दुसऱ्या बाजूस पुढे काय, याची चर्चा चालली होती.

ही चर्चा साधी नव्हती. राष्ट्रीय विजेतेपद गोव्यात पहिल्याने आणले ते याच साळगावकर संघाने, १९९८–९९ च्या मोसमात. त्या यशास पुरती दहा वर्षेही लोटली नव्हती. अशा संघाच्या समर्थकांत दोन पक्ष पडावेत हे स्वाभाविकच होते. एका पक्षाचे म्हणणे असे की, विजेतेपदाची भाषा आता सोडावी; जे काही करावयाचे ते पुन्हा वर येऊन आपली जागा राखण्यापुरते करावे. ‘पयलीं उरया, मागीर पळोवया’ ही आपल्याकडील सावध माणसाची रीतच आहे. दुसऱ्या पक्षास हे मान्य नव्हते. केवळ उरण्यासाठी खेळणारा संघ उरतही नाही, असे त्यांचे प्रतिपादन. या दोन पक्षांना आम्ही सोयीसाठी तगवादी आणि झेपवादी अशी नावे देतो. वाद फुटबॉलातला असला तरी देवस्थानांच्या समित्यांवर ज्यांनी काम केले आहे त्यांस तो अपरिचित वाटू नये. नंदादीपाच्या तेलाची तजवीज आधी की सभामंडपाचा पाया आधी, हा प्रश्न कोणत्या महाजनसभेत निघाला नाही?

या वादाचा निकाल पुढील काळाने कसा लावला, हे पाहण्यापूर्वी तो उत्पन्न कसा झाला हे पाहणे अवश्य आहे.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, बार्देशातील शिवोली गावी, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्र्यांच्या हस्ते, असे सांगितले जाते. चर्चच्या शाळांतून तो वाढला. यामुळे तो केवळ ख्रिस्ती बांधवांचा खेळ होय अशी एक समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ वावरत आली. ती इतिहासाच्या कसोटीस टिकत नाही. वास्को संघ १९५१ साली निघाला. साळगावकर संघ १९५६ साली वासुदेव महादेव साळगावकर यांच्या आश्रयाने उभा राहिला, आणि १९६८ साली धेंपो घराण्याने आपल्या नावाचा संघ मैदानात आणला. या दोन संघांचे पोशिंदे कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. आणि खेळाडूंचे म्हणाल तर, १९८३–८४ साली मद्रासेत गोव्याने संतोष चषक जिंकला तेव्हा संघाचे नेतृत्व ब्रह्मानंद शंखवाळकर या गोलरक्षकाकडे होते, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. शंखवाळकर साळगावकरांकडून खेळत. १९९७ साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे धेंपोच्या बचावफळीत महेश गवळी आणि समीर नाईक यांनी जे काम केले ते तर आजच्या मध्यमवयीन पिढीने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले आहे.

परंतु त्या जुन्या काळात तग की झेप हा प्रश्न या स्वरूपात निघतच नसे. कारण देशपातळीवरच्या ज्या स्पर्धा होत्या, रोव्हर्स चषक, ड्युरँड चषक, फेडरेशन चषक, त्या बहुतांशी बाद पद्धतीच्या. मुंबईस किंवा दिल्लीस जावे, आठ-पंधरा दिवस जिवाची बाजी लावून खेळावे, जिंकलो तर मिरवणूक, हरलो तर पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. अशा स्पर्धेत घसरण्याची पायरीच नसते. साळगावकरांनी १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला तो याच जमान्यात. एक पंधरवडा झपाटून खेळण्याचे सामर्थ्य एवढेच त्यासाठी पुरे होते.

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल साखळी सुरू झाली आणि हा हिशेब पालटला. साखळीत एका दिवसाच्या पराक्रमास मोल कमी. महिनोन्‌महिने गुण साठवावे लागतात, गुणतक्त्याच्या वरच्या टोकास मान असतो तसा खालच्या टोकास खड्डा असतो. आमच्या समजुतीप्रमाणे समर्थकांच्या मनोवृत्तीत खरा फरक पडला तो येथे. पूर्वी माणूस सामना पाहून घरी येई. आता तो गुणतक्ता पाहू लागला, आणि त्यातही आपला संघ खालून कितवा, हे पाहू लागला.

येथे गुणांच्या पद्धतीविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण तगवाद्यांचा पुष्कळसा गोंधळ तिच्या अज्ञानातून होतो. पूर्वी जगभर विजयास २ गुण आणि बरोबरीस १ गुण अशी वाटणी असे. १९८१ साली इंग्लंडने विजयास ३ गुण देण्यास आरंभ केला आणि १९९० नंतरच्या दशकात ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. आता १८ सामन्यांचा मोसम घ्या. एखाद्या सावध संघाने सर्वच्या सर्व सामने बरोबरीत सोडविले तर त्यास १८ गुण मिळतील. दुसऱ्या एखाद्या बेधडक संघाने ६ सामने जिंकले आणि तब्बल १२ सामने गमावले तरी त्याचेही गुण १८ च होतात. जुन्या पद्धतीत याच दुसऱ्या संघास केवळ १२ गुण मिळाले असते. म्हणजे ‘हरू नये एवढे पाहावे’ हे धोरण जुन्या हिशेबात शहाणपणाचे होते, नव्या हिशेबात ते तसे राहिले नाही. १२ वेळा मान खाली घालून घरी येण्याची ज्याची तयारी आहे त्यास, एकदाही न हरणाऱ्याइतकेच फळ मिळते, ही गोष्ट गोव्यातील जुन्या समर्थकांच्या गळी सहजी उतरली नाही. आपल्याकडे पराभवाची लाज फार. आणि लाज हा गुणांच्या हिशेबातला रकाना नव्हे.

असो. साळगावकर संघाकडे वळू. एक मोसम खालच्या श्रेणीत काढून तो २००९–१० च्या मोसमात पुन्हा वर आला. तगवाद्यांच्या दृष्टीने येथेच कार्य सिद्धीस गेले होते. परंतु पुढच्याच मोसमात, मोरोक्कोचे करीम बेंचरिफा यांच्या प्रशिक्षकपदाखाली, या संघाने १४ संघांच्या आणि प्रत्येकी २६ सामन्यांच्या त्या लांबलचक साखळीत पहिला क्रमांक मिळविला. २०११ साली फेडरेशन चषकही त्याने जिंकला. अंतिम सामना कोलकात्यात होता आणि समोर ईस्ट बंगालसारखा संघ होता. घसरणीपासून शिखरापर्यंतचा हा प्रवास तीन वर्षांचा.

झेपवाद्यांनी यावरून आपलाच सिद्धान्त खरा ठरला अशी दवंडी पिटली. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. २००८ साली जो संघ खाली गेला, त्याच्या चालकांनी त्यावर पाणी सोडले असते तर २०११ साल उजाडलेच नसते. खालच्या श्रेणीतील ते वर्ष कोणी फारसे आठवत नाही. तेथे पाहुण्या पत्रकारांची गर्दी नसते, परंतु पगार द्यावे लागतात, प्रवास करावा लागतो, सरावास पोरे हजर राहावी लागतात. हे जे निमूटपणे चालविणे, तीच खरी तग होय. गुणतक्त्यात खालून तिसरे येण्यासाठी रडतखडत बरोबऱ्या करणे म्हणजे तग नव्हे. वादातील दोन्ही पक्षांनी या एका शब्दाचे दोन अर्थ केले होते, म्हणून त्यांचा मेळ बसत नव्हता.

त्या वर्षांचे गोव्याचे एकूण वैभव सांगितले तर आज काहींस खोटे वाटेल. आय-लीगची पहिली सहा विजेतेपदे, २००७–०८ पासून २०१२–१३ पर्यंत, एकही न सोडता, गोव्यात आली. धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक अशी त्यांची विभागणी. त्याआधी राष्ट्रीय साखळीची २००४–०५ आणि २००६–०७ ची विजेतेपदे धेंपोकडेच होती. या पाचही यशांच्या वेळी धेंपोचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो हे गोमंतकीयच. २००८ साली हा संघ आशियाई महासंघाच्या चषकस्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०११–१२ च्या मोसमात रँटी मार्टिन्स या त्याच्या नायजेरियन आघाडीवीराने एकट्याने ३२ गोल केले. बंगालच्या तुलनेत लोकसंख्येने मूठभर असलेल्या या प्रदेशाने बंगाललाही मागे टाकलेले होते, आणि हे सारे चालू असता आपल्यापैकी पुष्कळजण दूरदर्शनवर इंग्लंडमधील संघांचे सामने पाहत होते.

तथापि या वैभवाच्या पोटातच वादाचे दुसरे एक उदाहरण तयार होत होते. चर्चिल ब्रदर्स संघ २०१२–१३ साली विजेता झाला. पुढच्या मोसमात, जानेवारी २०१४ मध्ये, त्याने केरळात फेडरेशन चषक जिंकला. अंतिम सामन्यात समोरचा संघही गोव्याचाच, स्पोर्टिंग क्लब द गोवा. आणि त्याच मोसमाअखेर आय-लीगच्या १३ संघांत हा विजेता तळाच्या संघांत राहिला! एकाच वर्षी एका हाती चषक आणि दुसऱ्या हाती घसरणीचे पत्र. त्यात भर म्हणजे महासंघाने घालून दिलेल्या परवान्याच्या अटीही संघास पुऱ्या करता आल्या नाहीत. झेपवाद्यांनी या उदाहरणाकडे पाहावे असे आम्ही सुचवितो. चषकासाठी उसळी मारण्याचे बळ ज्यात आहे त्यात वर्षभर जागा राखण्याचे बळ असतेच असे नाही. हे दोन वेगळे गुण आहेत, आणि दुसरा गुण कचेरीत, हिशेबाच्या वहीत आणि पगाराच्या तारखेत राहतो.

पैशाचा विषय निघालाच आहे तर त्याविषयीही स्पष्ट बोलावे. आपल्या मोठ्या संघांचा खर्च समर्थकांच्या तिकिटांवर कधीच चालला नाही. तो एकेका उद्योगघराण्याच्या औदार्यावर चालला. अशा संघाचे आयुष्य मालकाच्या उत्साहाइतके. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५–०६ साली राष्ट्रीय साखळी जिंकली आणि २०१० साली तो बरखास्त झाला. साखळीचा पहिलाच विजेता, पंजाबातील फगवाड्याचा जे. सी. टी. संघ, २०११ साली बंद पडला. या दोन्ही संघांच्या समर्थकांस तग की झेप यावर वाद घालण्याची संधीच मिळाली नाही. गोव्यात २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा अनेकांच्या मनात हीच शंका आली. धेंपो घराण्याने आपला खाणव्यवसाय २००९ सालीच विकला होता. तेव्हा पुढे जे घडले त्यास केवळ खाणबंदीच कारण असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही; संघांनी स्वमुखाने सांगितलेले कारण वेगळे होते, आणि ते समजून घेतले पाहिजे.

२०१४ साली इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली. तीत ८ संघ होते, एफ. सी. गोवा हा त्यांतील एक. तीत वर येणे नव्हते आणि खाली जाणेही नव्हते. जागा ठरलेल्या. फातोर्ड्याचे स्टेडियम, जेथे आय-लीगच्या विजेत्या संघांस मोजके प्रेक्षक लाभत, तेथे आता नारिंगी पोशाखातील हजारोंची गर्दी लोटू लागली. २०१५ च्या डिसेंबरात त्या स्पर्धेचा अंतिम सामनाही फातोर्ड्यासच झाला आणि गोव्याने तो चेन्नईच्या संघाविरुद्ध २–३ असा गमावला. दुःख झाले, पण भीती कोणास वाटली नाही. भीती वाटण्याचे कारणच नव्हते. शेवटचा आलेला संघही पुढच्या वर्षी तेथेच असणार होता. तग धरण्याचा प्रश्नच जेथे काढून टाकला आहे अशा स्पर्धेची गोडी गोव्याच्या प्रेक्षकांस लागली, आणि इकडे आय-लीग आकसत चालली. २०१०–११ मध्ये तीत १४ संघ होते. २०१५–१६ मध्ये उरले ९.

याच काळात धेंपोवर पाळी आली. पाच वेळचा हा राष्ट्रीय विजेता २०१४–१५ च्या मोसमाअखेर खालच्या श्रेणीत गेला. वास्कोत २००८ साली जे बोलणे चालले होते तेच आता पणजीत सुरू झाले. धेंपोने वादास उत्तर मैदानात दिले. २०१५–१६ ची दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा त्याने जिंकली आणि वर परतण्याचा हक्क मिळविला. साळगावकरांनी तीन वर्षांत जे केले त्याची पुनरावृत्ती आता होणार, अशी आशा धरण्यास जागा होती.

तोच २०१६ च्या मे महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुढील रचनेचा आराखडा मांडला. इंडियन सुपर लीग ही देशातील अव्वल साखळी व्हावयाची आणि आय-लीगचे संघ तिच्या खालच्या पायरीवर जावयाचे, असा त्याचा मथितार्थ. खालच्या पायरीवरून वर चढण्याची वाट त्यात नव्हती. जून महिन्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या दोन संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. जुलैत धेंपोनेही तेच केले. ज्या संघाने काही आठवड्यांपूर्वी वर जाण्याचा हक्क जिंकला होता त्याने तो हक्क स्वहस्ते परत केला. आपण हरलो म्हणून खाली जाणे निराळे आणि कोणी कागदावर रेघ ओढून आपणांस खाली बसविणे निराळे, ही त्यामागील भावना.

ही माघार योग्य होती काय? गोव्यात यावर अजूनही एकमत नाही, आणि या लेखाचा खरा हेतू या प्रश्नाकडे येण्याचाच होता. आम्ही आमचे मत सांगतोच, परंतु त्याआधी त्या वर्षी रिकाम्या झालेल्या जागांचे काय झाले, हे वाचकांनी ऐकावे.

२०१५–१६ च्या आय-लीगमधून मिझोरामचा ऐझॉल संघ खाली घसरला होता. गोव्याचे संघ निघून गेल्यावर जागा भरण्यासाठी त्या संघास पुन्हा वर घेण्यात आले. त्याने प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांची नेमणूक केली. हे गृहस्थ त्यापूर्वी सुमारे सात वर्षे मुंबई एफ. सी. या संघाचे प्रशिक्षक होते. थोड्या पैशांत, थोड्या नावाजलेल्या खेळाडूंनिशी, दरवर्षी त्या संघास घसरणीपासून वाचविणे हेच त्यांचे काम, आणि ते त्यांनी चोख बजावले होते. तगवाद्यांचा एखादा आचार्य शोधावयाचा तर तो हाच. मुंबईने त्यांस निरोप दिला, ऐझॉलने बोलाविले. २०१६–१७ च्या मोसमात १० संघांच्या साखळीत ऐझॉल ३७ गुण मिळवून विजेता झाला. ३६ गुणांचा मोहन बागान दुसरा. शेवटच्या दिवशी, ३० एप्रिल २०१७ रोजी, शिलाँग येथे शिलाँग लाजोंगशी १–१ अशी बरोबरी करून त्यांनी ते विजेतेपद हाती घेतले. ईशान्य भारतातील संघाने देशाची साखळी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच मोसमात तळाशी राहून घसरलेला संघ कोणता? मुंबई एफ. सी.!

गोव्याने सोडलेल्या पाटावर बसून दुसऱ्याने पंक्तीचा मान घेतला, असे यावर झेपवादी आणि तगवादी दोघेही म्हणू शकतात, आणि ते खोटे नाही. आम्हांसही प्रथम असेच वाटले की आपल्या संघांनी थोडा धीर धरावयास हवा होता. केवळ जागेवर असण्यात काय सामर्थ्य असते ते ऐझॉलने दाखविले. घसरलेला, जवळजवळ उपकारादाखल परत घेतलेला संघ जर एका वर्षात अव्वल ठरतो, तर पाच वेळा विजेता झालेल्या धेंपोने काय केले असते?

पण गोष्ट येथे संपत नाही. विजेत्या ऐझॉलने अव्वल साखळीत आपणांस स्थान मिळावे अशी मागणी केली. त्यासाठी उपोषणाची भाषाही झाली. ती मागणी मान्य झाली नाही. देशाचा विजेता होऊनही त्यास चढावयास पुढची पायरीच नव्हती. म्हणजे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ साली जी शंका व्यक्त केली होती ती एका वर्षाच्या आत दुसऱ्याच्या अंगावर खरी ठरली.

यावरून आमचे मत असे बनले आहे की, २०१६ पूर्वीचा तो सारा वाद एका गृहीतावर उभा होता आणि त्या गृहीताकडे कोणाचेच लक्ष नव्हते. शिडी दोन्ही बाजूंनी उघडी आहे, हे ते गृहीत. खाली जाता येते तसे वर येता येते, म्हणून २००८ साली वास्कोच्या समर्थकाने आवंढा गिळून आणखी एक वर्ष वाट पाहिली. तग धरण्यास जे बळ लागते ते झेपेच्या शक्यतेतून येते. वरची पायरी काढून घेतली की तग धरणे म्हणजे नुसता खर्च उरतो, आणि खर्च करणारा मालक, तो कितीही उदार असो, केव्हातरी वही मिटतो. म्हणून माघार घेणाऱ्या संघांस आम्ही पळपुटे म्हणणार नाही. मात्र ज्या पोरांनी वयाच्या दहाव्या वर्षापासून साळगावकरांचा हिरवा पोशाख अंगावर चढविण्याचे स्वप्न पाहिले, त्यांची राष्ट्रीय साखळीकडे जाण्याची घरची वाट त्या पावसाळ्यात बंद झाली, हेही लिहून ठेवले पाहिजे. त्यांतील पुष्कळांस बेंगळुरू, कोलकाता, केरळ येथील संघांची दारे ठोठवावी लागली. या बाबतीत संघांच्या चालकांनी समर्थकांस विश्वासात घेऊन चार गोष्टी अधिक बोलावयास हव्या होत्या, असे आम्हांस वाटते. माघार समजू शकते. तिच्या आधीची शांतता समजत नाही.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. तिन्ही संघ गोव्याच्या स्थानिक साखळीत खेळत राहिले. चर्चिल ब्रदर्स मात्र २०१६–१७ पासून पुन्हा आय-लीगमध्ये आला. २०१९ साली इंडियन सुपर लीगला अव्वल साखळीचा दर्जा रीतसर मिळाला, आणि २०२२–२३ च्या मोसमापासून आय-लीगच्या विजेत्यास वर जाण्याची वाट अखेर उघडली. त्या वाटेने पहिल्याने पंजाबचा संघ गेला, त्यामागून कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. २०२५ च्या एप्रिलमध्ये महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयानंतर चर्चिल ब्रदर्स विजेता घोषित झाला. गोव्यात फटाकेही वाजले असतील. जुलैमध्ये लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने ते विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशी संघाचे ठरविले. गुणतक्ता आता मैदानाइतकाच न्यायालयातही तयार होतो, हे आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसांस रुचत नाही, पण ते आहे खरे.

वाट उघडल्यावर गोव्यातून कोण चालू लागले, हे पाहण्यासारखे आहे. धेंपो संघ पुन्हा अगदी खालून निघाला. त्याचे प्रशिक्षक होते समीर नाईक, ज्यांनी याच संघाच्या बचावफळीत उभे राहून विजेतेपदे पाहिली होती. २०२३–२४ च्या मोसमात तिसऱ्या पायरीवरील साखळीत दुसरा क्रमांक मिळवून धेंपोने आय-लीगमध्ये प्रवेश मिळविला. खाली जाण्यापासून परत येण्यापर्यंत नऊ वर्षे गेली होती, आणि ज्या साखळीत तो परतला ती आता सर्वोच्च राहिलेली नव्हती. साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी तो मार्ग धरला नाही.

२०२४–२५ च्या मोसमात धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स हे दोन संघ आय-लीगमध्ये एकत्र खेळले. राष्ट्रीय साखळीच्या एकाच श्रेणीत हे दोघे यापूर्वी समोरासमोर आले होते ते २०१३–१४ साली, म्हणजे चर्चिलने चषक जिंकला आणि जागा गमावली, त्या मोसमात.